साबणाला फेस आला

तिच्यासोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे बटाटा पाण्यात सोडणं. चैत्र सरत आला होता. दारातल्या गावरान आंब्याच्या कैऱ्यांनी अजून कोय धरली नव्हती, आणि दरवर्षी याच दिवसांत ती त्या अख्ख्या कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालून ठेवायची, म्हणजे पावसाळ्यात वरणात टाकायला होतात. ऊन चढायच्या आत आम्ही दोघं पडवीत बसलो. मी बादलीतलं पाणी ढवळत होतो, ती मुठीमुठीनं खडेमीठ सोडत होती. मधूनच एक कच्चा बटाटा ती पाण्यात टाकून पाहायची. बटाटा बुडाला म्हणजे मीठ कमी. तरंगला म्हणजे पाणी झालं. दुसरं माप तिनं कधी वापरलं नाही.

"बुडाला," मी म्हणालो.

"मले दिसते. डोये नाही गेले माहे."

"मंग टाक अजून."

"मीठ सरलं जी. उद्या सकाळी दुकानातून एक पुडा आना."

"आत्ताच आनतो."

"बसा चूपचाप. उन्हात जाऊन पडान कुठी तं मलेच निस्तरावं लागन. कैऱ्या काही पळून नाही चालल्या."

मी बसलो. खरं सांगायचं तर मलाही उठायचा कंटाळाच आला होता. तिनं बादलीवर परात झाकली, बटाटा तळाशी तसाच ठेवला आणि भाकरी टाकायला गेली. दुपारी जेवण झाल्यावर खाटेवर आडवी झाली आणि म्हणाली, "जीव घाबरा होऊन राह्यला जी, थोडं पानी द्या." मी माठातून पाणी घेऊन आलो तोवर आटोपलं होतं. भरलेला ग्लास माझ्या हातात तसाच. मुलगा धावला, डॉक्टर आले, त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि मान हलवली. दिवस बुडायच्या आत आम्ही तिला नदीवर पोचवून आलो.

लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. म्हणोत. मला इथं रडगाणं लिहायचं नाही. त्या बुडालेल्या बटाट्यामागं माझ्या जवानीतली एक फजिती आहे, ती लिहायची आहे. तिला ती फजिती फार आवडायची. सुनेला, नातवंडांना सांगताना हसून हसून ठसका लागायचा तिला. आता सांगणारी गेली, तर मलाच सांगणं भाग आहे.

तेव्हा मी पुसदच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायला होतो. मिशी नुकती जाड होत होती. बाप मी लहान असतानाच गेला होता. घरात माय, मी, आणि वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली ही, वच्छला. जिनाचा आवाज असा असायचा, की सुटी झाल्यावरही कानात घंटाभर घरघर चालू राहायची आणि घरी मी उगाच ओरडून बोलायचो. भुवया, कान, नाकातले केस, सगळीकडं कापूस. माय मला उंबऱ्यातच थांबवायची, फडक्यानं झटकायची आणि म्हणायची, "हे पाह्य, म्हातारा होऊन आला." मग आतून तव्यावर भाकर पडल्याचा आवाज यायचा, आणि त्यामागून रवीचा. वच्छला वरण घोटायची ते दोन्ही तळव्यांत रवी धरून, घुर्र घुर्र, एका लयीत. तुरीचं वरण, वरून लसणाची फोडणी, सोबत ठेचा आणि ज्वारीची भाकर. त्या दोन खोल्यांत दुसरं काही फार नव्हतं. पण वरण रोज होतं, आणि तसं वरण मी पुढं कुठं खाल्लं नाही. आज सून कुकरमध्ये तीन शिट्ट्या देते. वरण चांगलंच होतं. आवाज मात्र शिट्टीचा.

मी चौथी शिकलो आणि ती सातवी. मायला ते खुपायचं. हिनं काही म्हटलं, की माय म्हणायची, "झाली सुरू शाळा." ही मुकाट्यानं हसायची, पण बोलणं सोडायची नाही. हिचं माहेर ढाणकीकडलं. तिथं गावात एक खारी विहीर होती. तिच्या पाण्यात डाळ शिजायची नाही, दोन मोळ्या लाकडं जाळली तरी दाणा टणक तो टणकच. साबण लावला तर फेस यायच्या ऐवजी नासक्या दुधासारख्या गुठळ्या व्हायच्या. भांड्यांच्या बुडाला पांढरा थर, केसांच्या दोऱ्या. सातवीत तिच्या गुरुजींनी वर्गात सांगितलं होतं, की पोरीहो, समुद्र हा तुमच्या या विहिरीचा आजा आहे. पाऊस जमिनीतले क्षार धुतो, नद्या ते वाहून नेतात, ऊन नुसतं पाणी तेवढं वर उचलतं आणि क्षार खालीच राहतात. असं लाखो वर्षं चाललंय. आपल्या पूस नदीचं मीठही पैनगंगेतून, गोदावरीतून तिकडंच जातं. हे तिच्या डोक्यात असं बसलं, की तिला समुद्र पाहायचा नव्हता, तपासायचा होता.

एक दिवस जिनातला नेहमीचा माणूस आजारी पडला आणि मुंबईला जाणाऱ्या गाठींच्या ट्रकसोबत मालकानं मला जायला सांगितलं. घरी येऊन सांगितलं तर मायनं आधी डोळ्याला पदर लावला. वच्छलानं पाच लिटरचा तेलाचा डबा राखेनं घासायला घेतला.

"हे कायले?" मी विचारलं.

"समुद्राचं पानी आना मले."

"पानी? मुंबईहून? लोकं लुगडं मागतात वं."

"लुगडं पुसदले भेटते."

मी गेलो. ट्रकवाला किसनभाऊ आमच्याच गल्लीतला, जाडजूड, शिव्या देणारा, पण मनाचा बरा. माल उतरवल्यावर तो मला संध्याकाळी चौपाटीवर घेऊन गेला. मी समुद्र पाहिला, त्यात कपड्यांनिशी शिरलो, पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. मग बाजूला जरा खोल पाण्यात जाऊन डबा गळ्यापर्यंत भरला, झाकण घट्ट लावलं, वरून चिंधी बांधली. पोर उचलून घ्यावं तसा तो डबा मी परत ट्रकपर्यंत नेला.

दुसऱ्या दिवशी कसाऱ्याचा घाट चढताना मी मागच्या रिकाम्या हौद्यात ताडपत्रीवर झोपलो होतो. जाग आली तर ट्रक उभा, पुढून वाफ निघतेय, आणि किसनभाऊ माझा डबा उलटा करून इंजिनाच्या टाकीत ओततोय.

"भाऊ! अबे ते समुद्राचं होतं!"

"मंग? पानी पानीच असते बे. गाडी उकळून राह्यली होती. तुह्या डब्याची आरती करत बसू काय?"

डब्यात थेंब उरला नाही. पुढं त्या टाकीत आतून पांढरे थर धरले, मिस्त्रीनं ते खरवडून काढले, आणि मालकानं किसनभाऊची अशी उतरवली, की त्यानंतर तो रस्त्यातल्या नाल्याचं पाणीसुद्धा आधी चाखून टाकीत ओतायचा. पण ते नंतर. तेव्हा मी ताडपत्रीवर रिकामा डबा घेऊन बसलो होतो, आणि घरी काय तोंड दाखवावं ते कळत नव्हतं. किसनभाऊचं नाव सांगितलं असतं तर संपलं असतं. पण मला वाटलं, तिनं घासून दिलेला डबा मी झोपेत घालवला. चूक तर माझीच. वाशिमच्या अलीकडं एका ढाब्यावर आम्ही चहाला थांबलो. तिथं हापशी होती. मी डबा भरला, ढाबेवाल्याकडून मूठभर मीठ मागून घेतलं, त्यात टाकलं आणि चाखलं. खारट लागलं. वरणाइतकं. मला वाटलं, जमलं.

घरी पोचलो तर गल्लीतल्या बाया ओट्यावर बसलेल्याच होत्या. वच्छलानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी डबा ठेवताच मायनं झाकण उघडलं, बोटं बुडवून ते पाणी आधी डोळ्यांना, मग डोक्याला लावलं आणि हात जोडले. शेजारच्या पार्वताकाकूनं देवघरासाठी वाटीभर मागून घेतलं. खोटं एकदा वाटीत गेलं, की ते परत कसं मागायचं?

वच्छलानं बोट बुडवून चाखलं. बोट सावकाश पदराला पुसलं. मग म्हणाली, "आता पाह्यजा सगळ्या. याच्यात साबनाले फेस येत नाही, आन् डाळ शिजत नाही."

तिनं अर्धं पाणी चुलीवर ठेवलं आणि त्यात डाळ टाकली. उरलेलं घमेल्यात ओतलं, कपड्याच्या साबणाचा तुकडा घेतला आणि माझा जिनातला सदरा चोळायला बसली. बाया वाकून पाहत होत्या. पहिल्याच चोळण्यात फेस आला. दुसऱ्यात घमेलं भरलं. पांढराशुभ्र फेस तिच्या बांगड्यांपर्यंत चढला. आतून शिजत्या डाळीचा वास येऊ लागला, आणि मायनं पळी घालून दाणा चिमटीत धरला तर तो लोण्यासारखा दबला.

बाया हसल्या. पार्वताकाकू म्हणाली, "सातवी शिकली, आन् साबनानं खोटी पाडली हिले!" मायला तर मोकळं रानच मिळालं. "सांगतलं नाही मी? पुस्तकात वाचून घर चालत असतं तं गुरुजीच्या घरी चूल कायले लागली असती?"

वच्छला हातावरचा फेस निथळत उठली. मला वाटलं, आता ही डबा माझ्या डोक्यात घालणार. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. मायला म्हणाली, "पुस्तकातच चुकलं असन, आत्याबाई." आणि आत जाऊन वरण घोटायला लागली. घुर्र घुर्र, रोजच्यासारखं.

मायनं माझं ताट वाढलं. ते वरण मऊ होतं, लसूण खमंग होता, मीठ घालायचीही गरज पडली नव्हती. पहिला घास मी तोंडात घातला. बाहेर बाया अजून हसत होत्या. सातवीचं नाव, गुरुजींचं नाव, तिच्या माहेरच्या विहिरीचं नाव, सगळं त्या हसण्यात चाललं होतं. तिला या गल्लीत पुढं आख्खा जन्म काढायचा होता, आणि यापुढं ती काहीही म्हणाली, की लोक साबणाचा फेस काढणार होते. हे माझ्या जाड डोक्यात त्या एका घासाला शिरलं. मी खरकट्या हातानं तसाच ओट्यावर गेलो.

"पुस्तक बरोबर हाये," मी जिनात बोलतो तसा मोठ्यानं ओरडलो. "हे पानी समुद्राचं नाही. वाशिमजवळच्या हापशीचं हाये. मीठ मी टाकलं. मी खोटा हाओ, बायको नाही."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. मग मायचा आवाज आला, "मेल्या, मंग मी ते डोक्याले काहून लावलं?"

त्यानंतर जो हशा झाला, तो मी आजही ऐकू शकतो. पार्वताकाकू वाटी परत आणायला घरी पळाली. मला पुढं कितीतरी वर्षं लोक 'हापशीचा समुद्र' म्हणून हाक मारत होते. जिनातसुद्धा ते पोचलं. एवढी इज्जत जाऊन मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

वच्छलानं दुपारी घमेलं धुतलं आणि सदरा वाळत घातला. ऊन उतरल्यावर मी नदीवर अंग धुवायला निघालो, तर पाण्याची घागर घेऊन मागून आली. थोडं चालल्यावर म्हणाली, "चाखल्याबरोबरच कळलं होतं मले. वरणाएवढं खारं कुठी समुद्र असते काय?"

"मंग तिथंच बोलली काहून नाही? सगळ्यायसमोर कायले साबन लावला?"

"पाह्यलं, तुम्ही बोलता का."

"आन् नसतो बोललो तं?"

"तं मंग मले कळलं असतं ना," ती म्हणाली.

नदीवर जाऊन तिनं घागर टेकवली, दगडावर बसली, आणि वकिलासारखी चौकशी सुरू केली. पाणी आणता आलं नाही तर निदान खरं सांगा, म्हणाली. मग मी आठवून आठवून सांगितलं. चव नुसती खारट नाही, थुंकल्यावरही जिभेच्या मुळाशी कडू लागते, मळमळ होते. "ते दुसरे क्षार," ती लगेच म्हणाली, "आमच्या विहिरीतबी होते. मिठानं डाळ नाही अडत, त्यायच्यानं अडते." अंगावर वाळलं की कातडी ओढल्यासारखी होते आणि चिकचिक जात नाही. सदऱ्यावर पांढऱ्या रेघा उठतात. आणि एक मला नवल वाटलं होतं, ते असं: पूस नदीत मी हातपाय थांबवले की खाली जातो, तिथं पाणी खालून उचलून धरत होतं, जशी कोणी पाठीखाली गोधडी घातली. "जड पानी हाये ना ते," ती म्हणाली. "मीठ विरघळलं की पानी जड होते. म्हनून तुम्ही हलके." संध्याकाळी रेती गार पडली होती, पण पाणी कोमटच होतं, तेही सांगितलं. ती म्हणाली, पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, जमिनीसारखं उतावळं नसतं. रंग विचारला. मी म्हटलं लांबून निळं, ओंजळीत घेतलं तर काहीच रंग नाही. ती मग कितीतरी वेळ पाण्यात पाय हलवत बसली. लग्नाला वर्ष झालं होतं, पण आम्ही दोघं एवढं बोललो ते त्या दिवशी पहिल्यांदा. मला वाटतं आमचा संसार तिथून सुरू झाला.

समुद्र तिला दिसायला पुढं चाळीस वर्षं जावी लागली. मुलं, शेत, मायचं दुखणं. शेवटी मुलानं आम्हाला कोकणात नेलं. लोक फोटो काढत होते. हिनं पदराची गाठ सोडली, तर आत साबणाचा तुकडा आणि एक बटाटा. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं साबण चोळला. हातावर नुसत्या चिकट गुठळ्या आल्या. "पाहा! पाहा जी!" अशी ओरडली, की किनाऱ्यावरची माणसं वळून बघायला लागली. मग बटाटा सोडला. तो सरळ तळाशी गेला. त्यावर ती बराच वेळ विचार करत राहिली. "म्हंजे समुद्र आपल्या कैऱ्यायच्या पान्याएवढा खारा नाही," म्हणाली. "समुद्रात कैऱ्या नासल्या असत्या." आपली बरणी समुद्राच्या वरचढ निघाली याचा तिला झालेला आनंद मी कसा लिहू? परत येताना एक बाटली भरून आणली, ती तिनं गाडीत उशाशी ठेवूनच आणली, किसनभाऊच्या भीतीनं म्हणायची. घरी ते पाणी ताटात ओतून गच्चीवर वाळवलं. जो खडबडीत पांढरा थर राहिला, तो काचेच्या बरणीत भरून फडताळात ठेवला. तो कधी पूर्ण सुकत नाही. आभाळ दमट झालं की त्याला घाम फुटतो. अजून तो तिथं आहे, आणि पाऊस येणार का हे मी रेडिओपेक्षा त्याच्यावरून सांगतो.

तर, ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. घर पाहुण्यांनी भरलं होतं. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. मी उठलो, तोंड धुतलं, चप्पल घातली आणि दुकानात गेलो. दुकानदार काही बोलायला गेला, मी म्हटलं, "खडेमीठ दे. दोन पुडे." परत येऊन पडवीत बसलो आणि बादलीवरची परात काढली. बटाटा तळाशीच होता.

सून, मीना, दारात येऊन उभी राहिली. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते. "मामाजी, सुतकात लोणच्याले हात नसते लावत. नासते म्हणतात."

"मीठ कमी पडलं तं नासते, मीना. सुतकानं नाही नासत."

ती मग माझ्यासमोर खाली बसली आणि तिनं पुडा फोडला. ती मूठ टाकायची, मी ढवळायचो. तीन मुठी झाल्या, चार झाल्या. बटाटा जरासा हलला. पाचव्या मुठीनंतर एका टोकावर उभा राहिला, डुलला, आणि हळूहळू वर येऊन पाण्याबाहेर डोकं काढून थांबला.

"आला," मी म्हणालो.

मीना उठून कैऱ्यांची टोपली घेऊन आली. मी एकेक कैरी पुसली आणि देठ वर राहील अशी पाण्यात सोडली.